त्रेसष्ट विळ्यांचा परवाना

सरकारदरबारी माझं नाव आयुष्यात एकदाच लागलं, आणि तेही हत्यारांच्या यादीत. "लीलाबाई, मास्तरांची मंडळी, राहणार वरची आळी. हत्यार : विळी, लोखंडी, पाटासह, एक." त्याखाली आणखी बासष्ट बायकांची नावं आणि बासष्ट विळ्या. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण ते फौजदार अजून नोकरीत आहेत आणि माणूस काही वाईट नव्हता. कृष्णाकाठचं, कागदावर सातारा जिल्ह्यातलं, पण हळद विकायला सांगलीच जवळची, असं एक गाव समजा म्हणजे झालं.

सेहेचाळीस सालची भोगी होती. म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवसाची.

आमच्या शेजारच्या राहीबाईचा मुलगा कृष्णात लढाईवरून परत आला, तिथून हे सुरू झालं. चाळीस साली भरती झालेलं पोरगं मिसर देशात गेलं, तिथून इटलीत गेलं, मध्ये वर्षभर पत्र नाही. त्या वर्षात राहीबाईनं औंधाच्या यमाईला बोलून ठेवलं : पोरगं धड परत आलं, तर गावातल्या समद्या शिपायांच्या आया एका जागी बसवीन, भोगीची भाजी त्यांच्या हातांनी चिरून घेईन, आणि ती गावाला घालीन. पोरगं धड आलं. उसाचे चार पैसे हाताशी होते, भाज्या मळ्यातल्याच होत्या, भोगी महिन्यावर होती. अडचण एकच. कृष्णातची रजा संक्रांतीला संपत होती. भोगी चुकली की तो बेळगावला जाणार, तिथून पलटण कुठं जाईल ते पलटणीलाही माहीत नाही.

नाही, अडचणी दोन होत्या. दुसरी बनुबाई.

बनुबाईचा आकाराम आणि राहीबाईचा कृष्णात एकाच दिवशी भरती झाले होते. त्रेचाळीसच्या श्रावणात बनुबाईच्या दारात तार आली, आणि त्या दिवसापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. पाणी आणून द्यायला पुतणी, दळण आणून द्यायला दीर. कृष्णात येऊन आठवडा होऊन गेला तरी तिच्या आळीकडे फिरकला नव्हता. मळ्यात जायला तो गावाला वळसा घालून जायचा. इटलीत तोफा ऐकलेला हा गडी बनुबाईच्या दारावरून जायला भीत होता.

"वैनी, ती बसली न्हाई तर माझं बोलणं फिटत न्हाई," राहीबाई मला म्हणाली. "समद्या आया म्हणलंय मी देवीला. एक सोडून समद्या, असं न्हाई म्हणलं. आन तिच्याबिगर मी भाजी शिजवली तर ती माझ्याच घशाखाली उतरायची न्हाई."

मी दोनदा बनुबाईकडे जाऊन आले. दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "राहीला म्हणावं, पोरगं आलं, लय ग्वाड झालं. पर माझा हात आता कशाला लावती शुभकामाला?"

तर राहीबाईला हवी होती बनुबाई, आणि मला काय सुचावं? मला सुचला अर्ज.

त्याचं असं झालं. चावडीच्या भिंतीवर सरकारी हुकूम चिकटवलेला होता. बेचाळीसपासून आमच्या जिल्ह्यावर सरकारची विशेष माया होती, त्यात निवडणुका जवळ आलेल्या. विनापरवाना जमाव जमवू नये. लाठ्या, भाले, तलवारी, सुरे, कोयते अगर अन्य कोणतेही धारदार हत्यार घेऊन सार्वजनिक जागी येऊ नये. गावातल्या प्रत्येकानं हा हुकूम वाचला होता, आणि तो शेजारच्या गावासाठी आहे अशी प्रत्येकाची खात्री होती. मी एकटीच अशी निघाले की जिला तो आपल्यासाठी वाटला.

"अर्ज करू नकोस," हे म्हणाले. "अर्ज केला की सरकारला कळतं."

शाळामास्तराच्या तोंडून हे ऐकून मला धक्काच बसला. मी शाळेत गेलेली नाही. घरात येणारी वर्तमानपत्रं चाळून चाळून अक्षर बसवलेलं, आणि ते अक्षर आजवर वाण्याच्या यादीपलीकडे कुठं पोचलं नव्हतं. आता पाचशे माणसांच्या जेवणाची परवानगी मागायची संधी आली असताना हे मला गप्प बस म्हणतात! मी तीन दुपारी बसून अर्ज लिहिला. धान्यावर नियंत्रण होतं म्हणून बजावून लिहिलं की भाकरी ज्यानं त्यानं आपल्या घरून आणायची आहे, आम्ही फक्त भाजी देणार. सोबतच्या साहित्याची यादी दिली : घंगाळं चार, पातेली सहा, उलथनी आठ. आणि शेवटी, "विळ्या, धार लावलेल्या, त्रेसष्ट." शिपायांच्या आया बासष्ट, त्रेसष्टावी मी, अर्जदार म्हणून. 'धार लावलेल्या' हे शब्द मी मुद्दाम घातले. बोथट विळ्या घेऊन सगळ्या गावापुढे बसायचं म्हणजे बायकांची अब्रू ती काय राहिली?

तिसऱ्या दिवशी चौकीतून बोलावणं आलं.

फौजदार तरुण होते, कोकणातले. नवीन नेमणूक. टेबलावर माझा अर्ज, आणि 'धार लावलेल्या' या शब्दांखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ.

"बाई, त्रेसष्ट धारदार हत्यारं, पाचशेचा जमाव, आणि त्यात रजेवर आलेले शिपाई. हे जेवण आहे की बंड?"

"साहेब," मी म्हटलं, "विळी बसून वापरतात. ती उगारता येत नाही. शत्रूला स्वतः येऊन तिच्यावर आडवं व्हावं लागतं."

"म्हणजे ते हत्यार आहे हे तुम्हाला मान्य आहे," असं म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं.

शेजारी हवालदार कोंडीबा उभा होता, गावचाच माणूस. त्याच्यानं राहवेना. "साहेब, इळी हो, भाजी चिरायची. आपल्या चौकीत बी हाय की एक."

"कोणाच्या परवान्यानं?" साहेबांनी विचारलं, आणि कोंडीबा पुढं दोन दिवस बोलला नाही.

"तुमच्या बायकांनी भाजी घरी चिरून आणली तर?" साहेबांनी तोडगा काढला. मी त्यांना राहीबाईचं बोलणं सांगितलं : आया एका जागी बसायला हव्यात, चिरणं तिथंच व्हायला हवं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"देवीकडून ही अट शिथिल करून घेता येईल का?"

"अर्ज कुणाकडे करायचा साहेब?"

त्यांनी अर्ज उलटून मागची बाजूसुद्धा बघितली. खरंच विचार करत होते बिचारे.

बातमी गावात फुटली आणि सल्ल्यांचा पूर आला. सुभेदार नाथाजी, पेन्शनीत निघालेले, सकाळी सहाला ओसरीवर हजर. "लीलाबाई, बंदोबस्त मेरे पर छोडो. जमाव म्हंजे काय, नुसती न शिकवलेली पलटण असती. मी बायकांना लाइनीत बशिवतो." दुपारी तानुबाई आली. तिची विळी म्हणजे गावातलं एक प्रस्थ. सांगलीच्या पेठेतून आणलेली, पितळी फुलांची, खवणीला पाकळ्या. "मी येती," ती म्हणाली, "पर माझ्या इळीला दुसरीचा हात लागला तर मी उठून चालती. आमच्या सुनंला सुदिक मी हात लावू देत न्हाई."

यात तिचं काही चूक नव्हतं. आमच्याकडे ताट दुसरीचं चालेल, लुगडं दुसरीचं चालेल, विळी नाही. दुसरीच्या विळीवर बसणं म्हणजे दुसरीच्या सासरी नांदायला जाण्यासारखं. आणि कुणाच्या चुलीपर्यंत कुणी जायचं, कुणाच्या विळीला कुणी शिवायचं, याची न लिहिलेली एक यादी गावात आमच्या जन्माआधीपासून होती. बासष्ट आयांत पाटलाची होती, धनगराची होती, रामोशाची होती, महारवाड्यातल्या पाच होत्या. पलटणीनं पोरं घेताना यादी बघितली नव्हती. मी म्हणूनच प्रत्येकीनं आपापली विळी आणावी असं ठरवलं होतं. वादच नको. माझं हे शहाणपण पुढं कसं धुळीला मिळालं ते सांगतेच.

अर्ज प्रांतसाहेबांच्या कचेरीत गेला आणि शेरा घेऊन परत आला : "विळी म्हणजे काय? वर्णन व नमुना सादर करावा."

मी माझी विळी पंच्यात गुंडाळून मोटारीत बसले. मोटार खच्चून भरलेली. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय हाय हो त्यात?" मी खरं बोलायच्या स्वभावाची. म्हटलं, "हत्यार आहे. सरकारात दाखवायला नेते." पुढचे बारा मैल मला अख्खं बाकडं मिळालं. एवढ्या आरामात मी माहेरीसुद्धा कधी गेले नव्हते.

कचेरीत एक अव्वल कारकून चष्म्यातून विळीकडे आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "हे हत्यार तुम्ही कोणत्या परवान्यानं इथपर्यंत आणलंत?"

"परवान्यासाठीच आणलंय. नमुना म्हणून."

"नमुन्याचा परवाना?"

तो नव्हता. विळी जप्त झाली. मी हात हलवत परत आले आणि चार दिवस आमच्या घरात आमट्याच झाल्या. यांनी एका शब्दानं टोमणा मारला नाही. फक्त रोज जेवताना, "आज भाजी काय?" एवढंच विचारायचे. पाचव्या दिवशी विळी सन्मानानं परत आली. पात्याची लांबी, रुंदी, वजन, सगळं कागदावर. आणि खवणीला ओल्या नारळाचा कीस. चौकशी कसून झालेली दिसली.

एवढ्यात कुणाच्या तरी ध्यानात आलं की अकरा आया ओढ्यापलीकडच्या वाडीत राहतात, आणि ओढ्यापलीकडे इंग्रजांचं राज्य संपून संस्थानाचं सुरू होतं. म्हणजे ओढा ओलांडताना त्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हत्यारं आणणार! मी संस्थानच्या अंमलदाराकडे गेले. त्यांना कित्येक वर्षांत कुणी काही विचारलंच नसावं. त्यांनी चहा पाजला, लाखेचा तळहाताएवढा शिक्का मारून पत्र दिलं आणि म्हणाले, "तोफा वगैरे न्यायच्या असल्या तरी सांगा."

शेवटी भोगीच्या दोन दिवस आधी परवाना आला. सोबत अटी. दोन बाजूंना दोन वाटा मोकळ्या ठेवाव्यात. दोरखंड बांधावेत. पाण्याची पिंपं आणि वाळूच्या बादल्या असाव्यात. स्वयंसेवकांनी काठी बाळगू नये. त्यामुळं सुभेदार नाथाजींची टेकायची काठीसुद्धा चौकीत जमा झाली आणि ते माझ्या खांद्याला धरून मैदानभर फिरले. दोन हत्यारांमध्ये तीन हातांचं अंतर असावं. हत्यार उगारू नये. काम बारापर्यंत संपावं. आणि सर्वात मोठी अट : सर्व हत्यारे आदल्या दिवशी पोलिसांनी घरोघर जाऊन ताब्यात घ्यावीत, प्रत्येकावर मालकिणीच्या नावाची चिठ्ठी लावावी, पोलिसांच्या पहाऱ्यात गाडीतून मैदानावर आणावीत, आणि मालकीण समक्ष आल्यावर अंगठा घेऊन तिच्या हाती द्यावीत.

"म्हणजे रस्त्यानं कुणाच्या हाती हत्यार नाही," फौजदार समाधानानं म्हणाले. "जनतेची सुरक्षितता."

शनिवारी कोंडीबा यादी घेऊन घरोघर फिरला. संध्याकाळी त्यानं मला यादी दाखवली. छत्तीस नंबर : बनुबाई. विळी एक, जमा.

बनुबाई येणार नाही हे मला ठाऊक होतं. पण यादी करताना तिचं नाव गाळायला माझा हात धजला नव्हता. गाळलं असतं तर ती शिपायाची आई नव्हती असं मी लिहून दिल्यासारखं झालं असतं. आणि कोंडीबा यादीचा गुलाम.

"काय म्हणाली रे ती?"

"काय न्हाई. दाराच्या फटीतनं बगत हुती. मी म्हणलं, आक्का, सरकारी हुकूम हाय. तिनं चुलीजवळनं इळी आणून दिली, आन दार लावून घेतलं."

ज्या घरातून सरकारनं मुलगा नेला, त्या घरातून मी आता विळीसुद्धा न्यायला लावली. मी तशीच चौकीत धावले. फौजदारांना सगळं सांगितलं. तेही गोरेमोरे झाले. पण कायदा म्हणजे कायदा. "पावती झाली आहे, बाई. आता मालकिणीनं मैदानावर समक्ष यावं. दुसऱ्या कुणाच्या हाती दिली तर माझी नोकरी जाईल." राहीबाईला सांगायची माझी छाती झाली नाही, पण कोंडीबानं ते काम आधीच केलं होतं. ती नुसती कृष्णातकडे बघत राहिली. तो मान खाली घालून गाजरं धूत होता.

भोगीचा रविवार उजाडला. सुभेदारांनी मैदानात चुन्यानं त्रेसष्ट चौकोन आखले होते, तीन-तीन हातांवर, कवायतीच्या मैदानासारखे. दोरखंड, पिंपं, बादल्या, सगळं जिथल्या तिथं. मधोमध वांगी, गाजरं, पावटा, घेवडा, हरभरा आणि कांद्याच्या पातीचे ढीग. धुळा गाडीवानानं विळ्यांनी भरलेली बैलगाडी आणून उभी केली, बैल सोडून गाडीच्या मागच्या अंगाला बांधले, आणि तो न् कोंडीबा चहाला गेले.

चिठ्ठ्या विळ्यांच्या पाटांना चिकटवल्या होत्या. कशानं, ते कुणी विचारलं नव्हतं. कोंडीबानं कणकेची चांगली दाट खळ शिजवली होती. बायकांच्या वस्तू म्हणून त्यात प्रेमानं चिमूटभर मीठही टाकलं होतं.

चहा पिऊन येईपर्यंत बैलांनी त्रेसष्ट मालकिणी चाटून पुसून खाल्ल्या होत्या.

कोंडीबा ओरडत धावला, बैलाच्या तोंडातून तानुबाईची चिठ्ठी ओढायला गेला, आणि गाडीतल्या विळीवर त्याचं बोट कापलं. सबंध कार्यक्रमात हत्यारानं झालेली जखम ती एवढीच. चार जणींनी धावत जाऊन त्यावर हळद दाबली आणि शिव्या दिल्या.

मग जे झालं त्याला जमाव म्हणतात. इतका वेळ बायका आपापल्या चौकोनात शहाण्यासारख्या उभ्या होत्या. विळ्या घोटाळल्या हे कानावर पडताच एकसष्ट बायका एकदम गाडीकडे निघाल्या. दोरखंड तुटला. वाळूची बादली आडवी झाली. सुभेदार "लाइन! लाइन तोडू नका!" म्हणत माझा खांदा सोडायला तयार नाहीत, त्यामुळं मीही त्यांच्याबरोबर गोल फिरले. फौजदार शिट्टी फुंकत गाडीच्या चाकावर चढले आणि एक विळी उचलून ओरडले, "ही कोणाची?"

चांगली होती. नऊ जणी म्हणाल्या, "माझी!"

त्यांनी दुसरी उचलली. पातं झिजून सुतासारखं झालेलं, पाटाला चीर. कुणाचीच नव्हती.

"साहेब," मी खालून म्हटलं, "अट! हत्यार उगारू नये!"

त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. दोन्ही हात वर, दोन हातांत दोन विळ्या, समोर पाचशे माणसं. ते हळूच खाली उतरले.

आणि तेव्हा राहीबाई कडाडली. "आवं, ऊन वर आलं! इळी इळीसारखी आसती. घावंल ती घ्या आन बसा. पोरं काय लढाईत एकमेकाचं पाणी प्याली न्हाईत व्हय?"

मग ओढ्यापलीकडची एक धनगरीण पुढं झाली, हाताला आली ती विळी घेतली आणि चौकोनात जाऊन बसली. ती विळी पाटलिणीची होती हे पाटलिणीनं ओळखलं असावं. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि झिजक्या पात्याची ती विळी उचलून तिच्या शेजारी जाऊन बसली. तानुबाईची पितळी फुलांची विळी महारवाड्यातल्या सखूच्या हाती लागली होती. तानुबाई बराच वेळ तिच्या समोर उभी. आता ही चालती होणार असं वाटून मी डोळे मिटले. तर ऐकू आलं, "तशी न्हाई गं. वांगं जरा तिरकं धर. माझ्या इळीला तिरकं लागतंय." आणि ती तिथंच, तीन हातांची अट मोडून, सखूला खेटून बसली.

पाच मिनिटांत मैदानात कराकरा आवाज सुरू झाला. हसणं, ओरडणं, दुसरीच्या विळीला नावं ठेवणं. फौजदार कपाळ पुसत होते. बासष्ट बायका बसल्या. एक चौकोन रिकामा.

दहा वाजले असतील. दोरखंडाकडची माणसं आपोआप बाजूला झाली.

बनुबाई येत होती. पदर डोक्यावरून घट्ट, अनवाणी, सरळ. अडीच वर्षांत उन्हात न आलेली बाई, डोळे बारीक करून चालत थेट फौजदारांसमोर उभी राहिली.

"माझी इळी कुटं हाय?"

"बाई, जरा घोटाळा झालाय..."

"तुमचा घोटाळा तुमच्यापाशी ठेवा. आवं, माझ्या लेकानं पाट घातलाय त्या इळीला. भरती व्हायच्या आदल्या दिशी. डावीकडं डुलतूया. सरळ घालायला आलाच न्हाई त्याला. ती इळी घिऊन मी माझ्या घरला जाणार."

फौजदारांनी टोपी काढली. "ओळखाल कशी?"

"बसल्याबिगर कळायची न्हाई."

आणि ती पहिल्या चौकोनापाशी गेली. "ऊठ गं." ती बाई उठली. बनुबाई पाटावर बसली, समोरचं वांगं उचललं, एका दमात चार फोडी केल्या, डाव्या-उजव्या अंगाला झुकून बघितलं. "ही न्हवं." पुढची. "ही बी न्हवं. किती बोथट गं ही? तुझा नवरा धार लावत न्हाई व्हय?" कुणीतरी हसलं. तिसरीजवळ ती थोडी जास्त बसली, कारण ती बाई तिच्या माहेरची निघाली. पाचवीजवळ पाणी प्याली. दहाव्या विळीवर तिनं अख्खं गाजर संपवलं.

कृष्णात हातात पाटी घेऊन खांबासारखा उभा होता. बनुबाईची मान वर झाली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मैदानातल्या विळ्या थांबल्या.

"आरं कृष्ण्या, हुबा काय हाईस? गाजरं संपली हितली. आण की."

त्यानं गाजरं आणली. तिच्या समोर ओतताना त्यानं पाटी अशी उलटी केली की निम्मी चुन्याच्या रेघेपलीकडे गेली. "लढाईत बी असंच सांडत हुतास काय रं?" ती म्हणाली, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून, त्याचाच आधार घेऊन पुढच्या विळीकडे उठली. त्यानंतर तो पाटी घेऊन तिच्या मागं मागं चालू लागला, चौकोन दर चौकोन.

मी माझ्या चौकोनात पावटे सोलत हे बघत होते. सहज राहीबाईकडे नजर गेली. ती माझ्या शेजारीच होती. मान खाली, पदर पाटाभोवती पसरलेला, आणि प्रत्येक फोडीबरोबर अंग डावीकडे कलतंय. फोड, कल. फोड, कल. जमीन तर सपाट होती. सुभेदारांनी दोरी धरून करून घेतली होती.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं मला डोळ्यांनी दटावलं.

नेमके तेव्हाच फौजदार यादी घेऊन आमच्यापाशी आले. बारा वाजायला आले होते. बनुबाई पंचेचाळिसाव्या विळीवर बसून कुणाच्या तरी नातवाला हरभऱ्याचे दाणे भरवत होती. "लीलाबाई, काम आता थांबायला हवं. आणि त्या बाईंची विळी कुणापाशी आहे ते..." ते बोलता बोलता थांबले. त्यांची नजर राहीबाईवर. फोड, कल. हत्यार दडवून ठेवणं, सरकारी अंमलदारासमोर, दिवसाढवळ्या. याला कायद्यात कलम असणारच. तांबडी पेन्सिल त्यांच्या हातात होती.

त्यांनी घड्याळ काढलं, बघितलं, कानाला लावलं. मग किल्ली मागं फिरवून काटे पाऊणतास मागं नेले.

"हत्यारांची मोजणी जेवण झाल्यावर," ते म्हणाले, आणि पावट्याच्या शेंगांच्या ढिगापाशी बूट काढून बसले.

घंगाळं चुलीवर चढली. तिळाचा वास मैदानभर सुटला. बनुबाई एकसष्टावी विळी संपवून आमच्या रांगेला आली. आता राहीबाईच. राहीबाईनं पदर आणखी गच्च ओढला; तिच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. बनुबाई तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. चेहरा घामानं निथळत होता, हातांना वांग्याचा काळा राप चढला होता.

"राही, एवढी डुलू नगंस. पडशील," ती म्हणाली. "मला कवाच दिसलंय."

राहीबाई उठायला लागली. बनुबाईनं तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"बस तू. चिर." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तरीणबाई, सरक. तुझी बगायची ऱ्हायलीया अजून."